देशोदेशीच्या व्हिस्कींचे ब्लेंडिंग घरच्या घरी : बाटली निवडण्यापासून मिश्रण मुरवण्यापर्यंत

परदेशातून येणारे नातेवाईक, विमानतळावरची ड्यूटी-फ्री खरेदी आणि गेल्या काही वर्षांत वाईन शॉपच्या फळीवर वाढलेली विविधता यांमुळे कोल्हापुरातल्या कित्येक हौशी मंडळींच्या कपाटात आज स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका, जपान आणि भारत अशा निरनिराळ्या ठिकाणच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांतून स्वतःच्या पसंतीची एक नवी व्हिस्की जुळवावी असे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते जमण्यासारखेही आहे. मात्र उरलेल्या बाटल्यांचे तळ एका बाटलीत ओतून ठेवणे म्हणजे ब्लेंडिंग नव्हे. ब्लेंडिंगमध्ये कोणती चव पुढे यावी, कोणती मागे राहावी आणि कोणती केवळ शेवटी जाणवावी हे आधी ठरवावे लागते आणि मग मोजून-मापून तिथपर्यंत पोहोचावे लागते. या कामात माझे एक मत पक्के झाले आहे. बाटलीवरच्या देशाचे नाव पाहून निवड करू नये. त्या व्हिस्कीत जी चव आहे ती कशामुळे आली, धान्यामुळे, धुरामुळे, पिंपाच्या लाकडामुळे की हवामानामुळे, हे पाहून निवड करावी. तेवढे कळले की पुढचे सारे काम सोपे होते.

सुरुवातीलाच कायद्याची बाब स्पष्ट केलेली बरी. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे आणि मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन घेता येतो. घरी जुळवलेले मिश्रण फक्त स्वतःसाठी असावे, कारण त्याची विक्री हा गुन्हा आहे. कोल्हापूरकरांना गोवा जवळ असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे : गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून आंबोली किंवा गगनबावड्याच्या वाटेने परवान्याविना आणलेली बाटली नाक्यावर जप्त होते आणि आणणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. परदेशातून परतताना प्रत्येक प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या बाटल्या जमवण्याचा तोच सरळ मार्ग आहे. सीलबंद नसलेले किंवा कुठून आले ते माहीत नसलेले मद्य या कामात कधीही वापरू नये. त्यात मिथेनॉल हा विषारी अल्कोहोल असण्याचा धोका असतो आणि तो वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही.

चवीची कारणे

मिश्र व्हिस्कीचा इतिहास फार जुना नाही. आयर्लंडमधल्या एनियस कॉफी यांनी १८३० मध्ये अखंड चालणाऱ्या स्तंभ-भट्टीचे पेटंट घेतले आणि मका, गहू यांसारख्या धान्यांपासून हलकी, स्वस्त ‘ग्रेन’ व्हिस्की मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. एडिंबरोच्या अँड्र्यू अशर यांनी १८५३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेनलिव्हेट भट्टीच्या वेगवेगळ्या पिंपांतल्या माल्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या) व्हिस्की एकत्र करून विकायला काढल्या, आणि १८६० च्या कायद्याने शुल्क भरण्यापूर्वीच गोदामात माल्ट आणि ग्रेन व्हिस्की मिसळण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून स्कॉच व्यापाराचा कणा ब्लेंड हाच राहिला आहे. देशांच्या सीमा ओलांडणारी मिश्रणेही आता नवी राहिलेली नाहीत. जपानच्या सनटोरी कंपनीने २०१९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘आओ’ या व्हिस्कीत जपान, स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका आणि कॅनडा या पाच देशांतल्या भट्ट्यांची व्हिस्की आहे, तर अमेरिकेतल्या हाय वेस्टच्या ‘कॅम्पफायर’मध्ये बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की), राय (त्याच नावाच्या धान्याची व्हिस्की) आणि धुरकट स्कॉच एकत्र आहेत. अशा मिश्रणाला स्कॉच म्हणता येत नाही. घरी लेबल लिहिताना आपणही म्हणू नये.

आता धान्याकडे वळू. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि मक्यामुळे तिला गोडसर, जाड अंग येते. मेकर्स मार्कसारख्या काही बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला रायऐवजी गहू असतो, त्यामुळे तिखटपणा कमी होऊन मऊपणा वाढतो. राय व्हिस्कीला मिरी, शहाजिरे आणि कोरड्या गवताची आठवण करून देणारा ठसका असतो. कॅनडाच्या व्हिस्कीला बोलीभाषेत ‘राय’ म्हणण्याची पद्धत असली तरी तिच्यात राय जास्त असेलच असे नाही, म्हणून लेबलवरच्या नावापेक्षा पेल्यातल्या वासावर विश्वास ठेवावा. आयर्लंडच्या पॉट स्टिल पद्धतीत मोड आणलेल्या बार्लीबरोबर मोड न आणलेली बार्लीही वापरतात, आणि तिथे तिहेरी ऊर्ध्वपातनाची परंपरा असल्याने बहुतेक आयरिश व्हिस्की हलकी, किंचित तेलकट आणि फळांच्या वासाची असते.

इथे आपल्या भागाशी संबंधित एक मुद्दा येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या सर्वसाधारण व्हिस्कीपैकी बऱ्याच मद्यांचा पाया मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला शुद्ध अल्कोहोल असतो आणि त्यात थोडी माल्ट व्हिस्की मिसळलेली असते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाला मळी म्हणजे काय हे सांगायला नको. युरोपीय संघात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, त्यामुळे मळीवर आधारलेले मद्य तिथे व्हिस्की या नावाने विकता येत नाही. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच, की असे मद्य मिश्रणात घातले तर जोर वाढतो, चव वाढत नाही. भारतीय बाटली हवी असेल तर बंगळूरची अमृत, गोव्याची पॉल जॉन, उत्तर प्रदेशातली रामपूर किंवा हरियाणातली इंद्री यांसारखी बार्लीची सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली माल्ट व्हिस्की) घ्यावी.

लाकूड हे दुसरे आणि बहुधा सर्वांत मोठे कारण. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, म्हणून तिच्यात व्हॅनिला, नारळ आणि जळक्या साखरेचा वास ठळक असतो. एकदा वापरलेले ते पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, आणि ते मोठ्या संख्येने स्कॉटलंड, आयर्लंड व भारतात जाते. त्यामुळेच बर्बनच्या पिंपात वाढलेली स्कॉच किंवा पॉल जॉन ब्रिलियन्स आणि प्रत्यक्ष बर्बन यांचे सूर सहज जुळतात. शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपातून मनुका, खारीक, अक्रोड असे वास येतात आणि ते मिश्रणाला गडदपणा देतात. जपानच्या मिझुनारा ओकचा चंदन-धुपासारखा वास प्रसिद्ध आहे, पण ज्या बाटल्यांत तो खरोखर ठळक असतो त्या इतक्या महाग आहेत की त्यांचे मिश्रण करू नये, त्या तशाच प्याव्यात.

हवामानाचा परिणाम भारतीय आणि तैवानी व्हिस्कीत उघड दिसतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के मद्य उडून जाते, बंगळूरसारख्या ठिकाणी हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे जाते, आणि उष्णतेमुळे लाकडातला अर्कही झपाट्याने उतरतो. म्हणून चार-पाच वर्षांच्या भारतीय माल्टमध्ये लाकडाचा आणि पिकलेल्या फळांचा जोर बराच असतो. बाटलीवरच्या वयावरून तिची तुलना स्कॉचशी करू नये.

धुराबद्दल सविस्तर पुढे येईल. इथे एवढेच, की बार्ली वाळवताना पीट (दलदलीतली वाळवलेली जळाऊ माती) जाळल्याने फिनॉल हे धुरकट वासाचे पदार्थ धान्यात उतरतात. स्कॉटलंडच्या अर्डबेगच्या माल्टमध्ये ते सुमारे ५५ पीपीएम (दहा लाखांत ५५ भाग), लागाव्हुलिनच्या सुमारे ३५ आणि टॅलिस्करच्या सुमारे २२ असे सांगितले जाते. हे माप वाळवलेल्या माल्टचे आहे. बाटलीतल्या व्हिस्कीत त्याहून बरेच कमी उरते. तरीही नाकाला फिनॉल अत्यल्प प्रमाणात जाणवतात आणि सगळी अडचण तिथेच होते.

साहित्य आणि जागा

१०० मिलीचा काचेचा मोजपात्र-नळकांडा, १ मिली आणि १० मिलीच्या खुणांचे पिपेट, वर निमुळते होणारे पाच-सहा पेले, ते झाकायला लहान बशा, झाकणाच्या ५० ते १०० मिलीच्या काचेच्या बाटल्या आणि वही-पेन एवढे पुरते. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात हे सारे मिळते. पिपेट नसेल तर सुईविना असलेली १ मिलीची सिरिंज चालते, मात्र मिश्रण प्लास्टिकमध्ये साठवून ठेवू नये. थेंब मोजण्याची पद्धत टाळावी, कारण व्हिस्कीचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो आणि ड्रॉपर बदलला की हिशेब बदलतो. गुजरीतल्या सराफांकडे असतो तसा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा घरी असल्यास काम अधिक अचूक होते. ४० टक्क्यांच्या आसपासच्या व्हिस्कीचे १ मिली म्हणजे सुमारे ०.९५ ग्रॅम.

पाण्याकडे दुर्लक्ष होऊ नये. नळाच्या पाण्यातला क्लोरीन धुरकट व्हिस्कीतल्या फिनॉलशी मिळून दवाखान्यासारखा वास निर्माण करू शकतो आणि मग दोष उगाच व्हिस्कीला दिला जातो. घरच्या आरओ यंत्राचे पाणी या कामाला चांगले.

वेळ आणि खोलीही तितकीच महत्त्वाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत खोली तापलेली असताना पेल्यातून अल्कोहोल जोराने उसळतो आणि नाक नुसते चुरचुरते; तेव्हा बाटल्या थोडा वेळ गार पाण्याच्या बादलीत ठेवून २० ते २४ अंशांच्या आसपास आणाव्यात किंवा सकाळची वेळ धरावी. उदबत्ती, धूप, अत्तर आणि शेजारच्या ओट्यावरची फोडणी यांपैकी काहीही चालू नसावे. ज्या घरात कांदा-लसूण मसाला नुकताच कांडून झाला आहे तिथे त्या दिवशी ब्लेंडिंगचा विचार सोडून द्यावा. पेटत्या शेगडीजवळ हे काम करू नये हे सुरक्षेसाठीही आवश्यक आहे, कारण व्हिस्कीची वाफ पेट घेते.

पहिली पायरी : प्रत्येक बाटलीची स्वतंत्र ओळख

व्यावसायिक ब्लेंडर बहुतेक काम जिभेने नव्हे तर नाकाने करतात, आणि त्यासाठी नमुना पाणी घालून साधारण २० टक्के अल्कोहोलपर्यंत खाली आणतात. त्यामुळे नाक बधिर होत नाही आणि झाकलेले दोषही वर येतात. हिशेब असा : लेबलवरच्या टक्क्याला २० ने भागावे, त्यातून १ वजा करावा आणि आलेल्या आकड्याने व्हिस्कीच्या मात्रेला गुणावे. ४० टक्क्यांच्या २० मिली व्हिस्कीत २० मिली पाणी, ४६ टक्क्यांच्या २० मिलीत २६ मिली, तर ५० टक्क्यांच्या २० मिलीत ३० मिली पाणी पडते. भारतात बाटलीबंद होणाऱ्या बऱ्याच मद्यांवर ४२.८ टक्के असा आकडा असतो, म्हणून लेबल न वाचता ४० धरून चालू नये.

पेला झाकून दहा मिनिटे ठेवावा, झाकण काढताच एकदा हलका वास घ्यावा आणि जे पहिल्यांदा मनात आले ते लगेच लिहावे. शब्द आपल्या ओळखीचे वापरावेत. परदेशी पुस्तकांत टॉफी, मेपल सिरप, हीदर असे शब्द येतात. ज्याने हीदरचे फूल पाहिलेलेही नाही त्याने ते का लिहावे? ज्याने हंगामात गुऱ्हाळावर उभे राहून काहिलीतला रस आटताना पाहिला आहे त्याच्याजवळ याहून नेमके शब्द आहेत. रस उकळू लागतानाचा हिरवट गोड वास, काकवीचा वास, गूळ काहिलीतून वाफ्यात ओतताना येणारा किंचित करपट वास आणि चुलवणात जळणाऱ्या चिपाडाचा धूर, हे चार वास वेगवेगळे ओळखता येणाऱ्याला बर्बनमधल्या गोडीचे थर आपोआप वेगळे दिसतात. पीटचा धूर मात्र चिपाडाच्या धुरासारखा नसतो. त्यात ओल्या मातीचा, टिंक्चर आयोडीनचा आणि समुद्रकाठच्या शेवाळाचा अंश असतो, आणि तोच ओळखून वहीत वेगळा लिहावा.

प्रत्येक बाटलीसाठी पुढे काय येते, मध्ये काय राहते आणि घोट गिळल्यावर काय रेंगाळते अशा तीन ओळी लिहाव्यात. चाखताना ५ मिलीपेक्षा जास्त घेऊ नये आणि शक्यतो थुंकून टाकावे. व्यावसायिक लोक हेच करतात. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतो, त्यामुळे दहा नमुने गिळत बसणाऱ्याचा निर्णय शेवटी शेवटी विश्वासार्ह राहत नाही. त्या दिवशी गाडी चालवू नये हे ओघाने आलेच.

दुसरी पायरी : पाया ठरवणे

मिश्रणात एक व्हिस्की पायाची असावी आणि तिचा वाटा निम्म्याहून अधिक असावा. नवशिक्यांना वाटते की सर्वांत महाग सिंगल माल्ट पायाला घेतली म्हणजे मिश्रण श्रेष्ठ होईल. प्रत्यक्षात पायाचे काम इतर चवींना जागा देण्याचे असते, आणि ते स्वभावाने मऊ व्हिस्की अधिक चांगले करते. स्कॉटलंडच्या ब्लेंडमध्ये हे काम ग्रेन व्हिस्की करते. आपल्याकडे स्वतंत्र ग्रेन व्हिस्कीची बाटली सहज मिळत नाही, म्हणून मी जेमसनसारखी आयरिश ब्लेंड पायाला घेण्याची शिफारस करतो. तिच्यात ग्रेन आणि पॉट स्टिल दोन्ही असल्याने ती हलकी असूनही पोकळ वाटत नाही.

पायावर दुसरी व्हिस्की भरीवपणासाठी घ्यावी, तिसरी गोडीसाठी किंवा ठसक्यासाठी आणि चौथी, हवी असल्यास, धुरासाठी. पहिल्या वर्षी चारांपुढे जाऊ नये. पाच-सहा बाटल्या एकत्र आल्या की कोणती चव कोणामुळे बिघडली हे शोधणे अशक्य होते.

उदाहरणादाखल १०० मिलीचे एक मिश्रण घेऊ : जेमसन ६० मिली, पॉल जॉन ब्रिलियन्स २५ मिली, मेकर्स मार्क १० मिली आणि टॅलिस्कर (१० वर्षे मुरलेली) ५ मिली. एकदम १०० मिली करू नये. हेच प्रमाण ठेवून २० मिलीचा नमुना करावा, म्हणजे १२, ५, २ आणि १ मिली. आधी पहिल्या दोनच मिसळून वास घ्यावा. जेमसनचे सफरचंद-नासपती आणि पॉल जॉनचा मधाळ, बार्लीचा जडपणा यांत फट जाणवत असेल तर पॉल जॉन अर्धा मिली वाढवून नवा नमुना करावा. जुन्यात भर घालत जाण्यापेक्षा दर वेळी कोऱ्या पेल्यात नवा नमुना करणे खर्चिक वाटले तरी योग्य आहे, कारण मागचा नमुना शेजारी असल्याशिवाय फरक कळत नाही.

त्यानंतर बर्बन. २० मिलीत २ मिली बर्बन असताना व्हॅनिला मागून येतो आणि पॉल जॉनच्या मधात मिसळून जातो. ४ मिलीवर तो पेल्यातून सर्वांत आधी बाहेर पडतो, आणि ६ मिली झाल्यावर आयरिश व्हिस्कीतली फळे जवळपास नाहीशी होतात. ज्याला ते आवडते त्याने खुशाल तसे करावे, पण मग पाया जेमसनचा राहिला नाही हे वहीत लिहून ठेवावे.

तिसरी पायरी : धूर

धुरकट व्हिस्की मिठासारखी वापरावी, सर्वांत शेवटी आणि चाखत चाखत. वर दिलेल्या मिश्रणात धुराविना तयार झालेले तीन व्हिस्कींचे मिश्रण तीन पेल्यांत प्रत्येकी १९ मिली घ्यावे आणि त्यांत टॅलिस्कर अनुक्रमे अर्धा, एक आणि दोन मिली घालावी. झाकून पंधरा मिनिटे थांबावे. अर्ध्या मिलीच्या पेल्यात धूर बहुधा वासाला येत नाही, पण घोटानंतर जिभेच्या मागच्या बाजूला मिरीसारखी ऊब जाणवते. एक मिलीच्या पेल्यात आधी फळे, मग व्हॅनिला आणि काही क्षणांनी कोरडा धूर असा क्रम लागतो. दोन मिलीच्या पेल्यात हा क्रम उलटतो आणि धूर दारातच उभा असतो.

निर्णय त्याच संध्याकाळी घेऊ नये. तिन्ही पेले रिकामे करून, न धुता, खुणेची चिठ्ठी लावून रात्रभर तसेच ठेवावेत आणि सकाळी चहाच्या आधी त्यांचा वास घ्यावा. अल्कोहोल आणि फळांचे हलके वास रात्रीतून उडून गेलेले असतात. काचेला चिकटून उरतात ते लाकूड आणि फिनॉल. एखाद्या पेल्यात गूळ-लाकडाचा वास नाहीसा होऊन केवळ राखेचा वास उरला असेल तर तिथे धूर जास्त झाला आहे असे समजावे. रिकाम्या पेल्याची ही परीक्षा मला इतर कोणत्याही परीक्षेपेक्षा खरी वाटते.

टॅलिस्करऐवजी लाफ्रोएग किंवा अर्डबेग वापरायची असेल तर सुरुवात वरच्या मात्रेच्या निम्म्याने करावी. अमृत फ्यूजनमध्ये भारतीय बार्लीबरोबर स्कॉटलंडची पीटवर वाळवलेली बार्ली आधीच वापरलेली असते, म्हणून ती मिश्रणात असल्यास वेगळ्या धुराची गरज अनेकदा उरत नाही.

जोराचा हिशेब

प्रत्येक व्हिस्कीची मात्रा आणि तिचा टक्का यांचा गुणाकार करून बेरीज करावी आणि एकूण मात्रेने भागावे. जेमसन ४०, पॉल जॉन ब्रिलियन्स ४६, मेकर्स मार्क ४५ आणि टॅलिस्कर ४५.८ टक्के धरल्यास वरच्या १०० मिलीत २४ + ११.५ + ४.५ + २.२९ म्हणजे सुमारे ४२.३ मिली अल्कोहोल येतो, मिश्रण ४२.३ टक्क्यांचे झाले. ते ४० वर आणायचे तर सुमारे पावणेसहा मिली पाणी लागेल. माझा सल्ला असा की आणू नये, कारण बहुतेक लोक पेल्यात पाणी, बर्फ किंवा सोडा घालतातच. बर्फ टाकल्यावर मिश्रण किंचित गढूळ झाले तर घाबरण्याचे कारण नाही. थंड गाळणी न केलेल्या व्हिस्कीतली स्निग्ध द्रव्ये गारठ्याने दिसू लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

मुरवणे

ताजे मिश्रण बऱ्याचदा विस्कळीत लागते, वेगवेगळ्या व्हिस्की वेगवेगळ्या ओळखू येतात. ते काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच घट्ट लावून, उभेच, अंधाऱ्या आणि गार कपाटात दोन ते तीन आठवडे ठेवावे. बाटली आडवी ठेवू नये, कारण तीव्र मद्य बुचाला खाते. अर्धी भरलेली बाटलीही ठेवू नये. आतल्या हवेने फळांचे वास फिके पडतात. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचे, स्लॅबलगतचे कपाट टाळावे आणि पावसाळ्यात बुचाला बुरशी धरत नाही ना हे अधूनमधून पाहावे. दर आठवड्याला ५ मिली काढून आधीच्या नोंदीशी ताडून बघावे. बदल मोठा नसतो, पण व्हॅनिला आणि धूर यांच्यातली फट कमी झालेली जाणवते. तीन आठवड्यांनंतरही एखादी व्हिस्की वेगळीच उभी राहत असेल तर ती मुरण्याची वाट पाहू नये, प्रमाण बदलावे.

पाणी, सोडा आणि ताट

मिश्रण ज्या रीतीने प्यायचे आहे त्याच रीतीने त्याची शेवटची परीक्षा करावी. पाणी-सोड्याविना नुसते चाखून सुरेख वाटलेले मिश्रण तिप्पट सोड्यात अनेकदा पाणचट होते, कारण सोडा गोडी आणि फळे झपाट्याने पातळ करतो तर धूर आणि राय टिकून राहतात. सोड्यासाठीच जुळवायचे असेल तर जपानच्या सनटोरी टोकीला पायाला घ्यावे : टोकी ७० मिली, जेमसन २० मिली, टॅलिस्कर १० मिली. इथे टॅलिस्कर दुप्पट झाली ती सोड्याचा विचार करूनच. हे मिश्रण नुसते प्यायला गेल्यास धुरकट लागेल. बर्फावर प्यायला आणि गोड आवडणाऱ्यांसाठी पॉल जॉन ब्रिलियन्स ५० मिली, मेकर्स मार्क २५ मिली आणि जेमसन २५ मिली हे धुराविना मिश्रण चांगले जमते. त्याचा जोर सुमारे ४४ टक्के येतो.

जेवणाबद्दल कोल्हापुरात लिहिणाऱ्याला गप्प राहता येत नाही. मिरचीतला तिखटपणा जिभेवरच्या ज्या उष्णता-संवेदकांना चेतवतो त्यांनाच अल्कोहोलही अधिक संवेदनशील करतो, म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर ४२ टक्क्यांची नुसती व्हिस्की घेतल्यास चव कसलीच कळत नाही, फक्त जाळ होतो. तांबड्या रश्श्याच्या ताटाबरोबर सोडा घातलेले, १० टक्क्यांच्या आसपासचे मिश्रणच घ्यावे. पांढऱ्या रश्श्यातला नारळ आणि बर्बनमधला नारळाचा वास यांची जोडी मला फार आवडते. तिथे दुसरे, धुराविना मिश्रण थोडे पाणी घालून द्यावे. सुक्या मटणातल्या भाजलेल्या मसाल्याला मात्र धूर मानवतो. ब्लेंड जुळवण्याचे काम मात्र यांतले काहीही खाण्याच्या आधी, रिकाम्या पण उपाशी नसलेल्या पोटी, म्हणजे साध्या भाकरी-दुधानंतर तासाभराने करावे. फरसाण आणि खारे शेंगदाणे त्या वेळी दूरच ठेवावेत.

मोठी बाटली भरताना

२० मिलीवरून ७५० मिलीवर जाताना प्रमाण तेच ठेवून प्रत्येक मात्रेला ३७.५ ने गुणावे. आधी पायाची व्हिस्की मोठ्या स्वच्छ भांड्यात घ्यावी, मग दुसरी आणि तिसरी घालून हलके ढवळावे, आणि धुरकट व्हिस्कीच्या मोजलेल्या मात्रेपैकी केवळ तीन चतुर्थांश घालून थांबावे. दुसऱ्या दिवशी चाखूनच उरलेला चतुर्थांश घालावा की नाही ते ठरवावे. घातलेला धूर काढता येत नाही. बाटलीवर तारीख, प्रत्येक व्हिस्कीचे नाव, मात्रा, टक्का आणि ती मूळ बाटली त्या वेळी किती रिकामी होती हे लिहावे. शेवटची नोंद अनेकांना अनावश्यक वाटते, पण निम्म्याहून रिकाम्या झालेल्या, महिनोन्‌महिने उघड्या बाटलीतली टॅलिस्कर नव्या बाटलीइतकी धुरकट राहत नाही, आणि पुढच्या खेपेला तेच प्रमाण वापरून वेगळी चव का आली याचे उत्तर बहुधा त्या नोंदीतच सापडते.